आम्ही मुलाकडचे नव्हतो

रिटायर होऊन आता बरीच वर्षं झाली, तरी कुणी विचारलं, "मॅडम, तुम्ही युनिव्हर्सिटीत काय शिकवायच्या?" की मी उत्तर देण्याआधी समोरच्याचा अंदाज घेते. माणूस घाईत दिसला तर "इतिहास" म्हणून मोकळी होते. इतिहास म्हटलं की लोक "अच्छा" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. सामाजिक मानवशास्त्र म्हटलं तर संपत नाही. नागपुरात महाल भागात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक किराणावाले होते, त्यांना मी एकदा खरं सांगितलं. त्यांनी पुडी बांधता बांधता हात थांबवला आणि आपल्या मेव्हण्याला झोप का लागत नाही ते विचारलं. मी म्हटलं, अहो, मनाचे डॉक्टर वेगळे, मी वेगळी. ते म्हणाले, असू द्या, तुम्ही सांगा तर खरं. मी म्हटलं, संध्याकाळचा चहा बंद करा. मेव्हण्याला गुण आला आणि माझी प्रॅक्टिस सुरू होता होता राहिली.

या अंकासाठी लिहा म्हणून संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनीही हळूच तोच प्रश्न विचारला. तेव्हा आधी विषय काय ते सांगून टाकते आणि मग निर्मलाची गोष्ट सांगते. खरं म्हणजे निर्मलाची गोष्ट ऐकली की विषय वेगळा सांगायची गरज नाही, पण सवय जात नाही.

माणसं एकमेकांशी जशी वागतात तशी का वागतात, हे त्यांच्यात जाऊन, बसून, बघून समजून घ्यायचं, एवढंच आमचं शास्त्र. कोण कुणाच्या पाया पडतं, कोण कुणाच्या हातचं खातं, सासऱ्यासमोर सून कुठे बसते, मेलेल्याचे कपडे कुणाला देतात. यातलं "असंच" काहीच नसतं. लोक म्हणतात, "आमच्यात असंच असते." आमचं काम त्या "असंच"पासून सुरू होतं. समाजशास्त्रवाले छापील प्रश्नपत्रिका घेऊन दारोदार फिरायचे आणि दुपारपर्यंत घरी जेवायला परत यायचे. आम्ही त्याच घरी सतरंजीवर बसून राहायचो. मला तर आमचीच पद्धत बरी वाटायची आणि आजही वाटते. त्यात लपवायचं काय?

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला नवी मुलं आली की त्यांच्या डोक्यात एकच चित्र असे: आता आपल्याला मेळघाटात नेणार, जंगलात नाच बघायला मिळणार. मी त्यांना पहिल्याच तासाला सांगायचे, मेळघाट तुमची वाट बघत नाहीये. आधी आठवडाभर स्वतःच्या घरी बसा आणि जेवणाच्या वेळी काय काय होतं ते लिहून आणा. एकदा धरमपेठेतल्या बंगल्यातला, छान इस्त्रीच्या कपड्यांतला एक मुलगा कोरं पान घेऊन आला. म्हणाला, मॅडम, आमच्याकडे तशा चालीरीती काहीच नाहीत, आम्ही नॉर्मल आहोत. मी विचारलं, पहिलं पान कुणाचं वाढतात? बाबांचं. शेवटी कोण जेवतं? आई. उरलेली पोळी कोण खातं? आई. आई बाबांना नावाने हाक मारते का? तो इतका दचकला की जणू मी काही अभद्र बोलले. मग म्हटलं, जा बाळा, आता लिही. त्याने नंतर वीस पानं लिहून आणली आणि त्याची आई मला भेटायला आली, ती चिडूनच आली. ते प्रकरण वेगळं आहे.

या पहिल्या वर्षाचं मोठं काम म्हणजे वंशावळी गोळा करणं. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्न झालं की मध्ये दोन आडव्या रेघा. एका घराचे आजे-पणजे, मामा, आत्या, कुणाची मुलगी कुठे दिली, कुणाची सून कुठून आणली, सगळं एका कागदावर मांडायचं. दिसायला पोरखेळ, पण गावात जमीन कुणाकडे, भांडण कुणाशी, काम कोण कुणाला देतो, हे सगळं त्या त्रिकोण-वर्तुळांतून वाहत असतं. एकदा का कुणाचे मामा-आत्या कळले की त्या घराचं अर्धं दुखणं कळतं.

हे करताना माझे काही दंडक होते आणि ते मोडलेले मला अजिबात खपत नसत. एक तर एकाच भेटीत ऐकलेलं खरं मानायचं नाही, त्याच घरी पुन्हा पुन्हा जायचं. दुसरं म्हणजे लोकांच्या घरच्या भानगडी विचारायच्या आधी स्वतःचं घर त्यांच्यापुढे मांडायचं. आपले काका-मामा आधी सांगायचे, मग त्यांचे विचारायचे. आणि आपण कशासाठी आलोय हे कधीही लपवायचं नाही. खोटं बोलून मिळवलेली माहिती मी वर्गात सरळ फाडून टाकत असे. हे दंडक चांगलेच होते. पण विणकरांच्या गल्लीत त्यांनी काय करून ठेवलं ते ऐका.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. त्या वर्षी शकुंतला नावाची मुलगी वर्गात होती. उमरेडच्या विणकर घरातली. वडील माग सोडून शाळामास्तर झालेले, मुलगी नागपूरला हॉस्टेलवर राहून एम.ए. करत होती. बोलायला चुरचुरीत, चालायला भराभर, आणि तिची हुशारी लपत नसे. तिला मी गांधीबागेच्या पलीकडच्या विणकरांच्या एका गल्लीत वंशावळी गोळा करायला पाठवलं. तिथे तेव्हा घराघरातून मागाचा खटखटाट चालायचा. माणसं तिच्याच जातीची, बोली तिचीच, म्हणजे कामाला वेळ लागणार नाही असा माझा हिशेब. तो हिशेब बरोबर निघाला. वेळ लागलाच नाही.

त्या गल्लीत श्रावणजी नावाचे विणकर होते. पुरुष मागावर, बायका कांड्या भरायच्या, म्हणजे धोट्यात घालायची सुताची नळी गुंडाळायच्या. त्यांची मोठी मुलगी निर्मला. ती आदल्या वर्षी मॅट्रिकला इंग्रजी आणि गणितात नापास झाली होती आणि तेव्हापासून घरात कांड्या भरत बसली होती. हिंगणघाटचं एक स्थळ आलेलं होतं. मुलगा मिलमध्ये कामाला, घर बरं, मागणं फार नाही. उन्हाळ्यात लग्न उरकायचं असं जवळजवळ ठरलं होतं. निर्मलाला मात्र पुन्हा परीक्षेला बसायचं होतं. तिला मास्तरीण व्हायचं होतं, आणि मॅट्रिक पास झाल्याशिवाय त्या ट्रेनिंगला कुणी उभं करत नसे. श्रावणजींनी सांगून टाकलं होतं की एकदा नापास झाली, पुरे झालं.

अशा घरात शकुंतला गेली. माझ्या दंडकांप्रमाणे तिने आधी आपलं घर मांडलं. मी उमरेडची, अमक्या घरची, आमचं कूळ हे, मामा पवनीचे, आत्या भंडाऱ्याला दिली, चुलतभाऊ भिलाईला कारखान्यात नोकरीला आहे, अजून लग्नाचा आहे. मग त्यांचं विचारलं. मामा कुठले, आत्या कुठे दिली, घरात मुलं किती, मुली किती, मोठी मुलगी किती शिकली. आणि मुलीच्या आईने कशाला आलीस म्हणून विचारलं तेव्हा तिने प्रामाणिकपणे सांगितलं की काही नाही मावशी, नुसता अभ्यास करायला आले.

आता त्या समाजाची रीत सांगते. मुलगी बघायला मुलाकडून आधी पुरुष कधी येत नाहीत. आधी एखादी बाई येते. बहीण, वहिनी, मावशी. आणि ती कधीही सांगत नाही की मी मुलगी बघायला आले. ती म्हणते लुगडं पाहायला आले, पत्ता चुकले, तहान लागली. मग गप्पांच्या ओघात मामा विचारते, कूळ विचारते, मुलगी किती शिकली ते विचारते. मुलीकडचेही समजून न समजल्यासारखं करतात. चहा देतात. पुढे काही जमणार नसेल तर बाई पुन्हा येत नाही. पुन्हा आली म्हणजे मन आहे. आणि कुणी तोंडावर विचारलंच तर ती साफ नाही म्हणते. जितक्या जोरात नाही म्हणेल तितकं स्थळ पक्कं.

ही रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. त्याच वर्षी मी वर्गात ती फळ्यावर लिहून शिकवली होती. शकुंतलेनेही उतरवून घेतली होती. पण पाण्यात पाय टाकल्यावर आपण भिजतो, हे शास्त्र फळ्यावर कळत नाही.

शकुंतला पुन्हा गेली, कारण मी पुन्हा जा म्हटलं होतं. मग तिसऱ्यांदा गेली. निर्मलाच्या आईच्या डोक्यात हळूहळू सगळं जुळलं. मुलगा भिलाईचा. बहीण एम.ए. करणारी, म्हणजे घर शिकलेलं, म्हणजे त्यांना मुलगी शिकलेली हवी. शकुंतलेने शिक्षण विचारलं तेव्हा तिने घाईघाईने सांगून टाकलं होतं की निर्मला मॅट्रिकला बसते आहे. आता ते खरं करणं भाग होतं. तिने नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने हिंगणघाटला निरोप पाठवला की जरा दम धरा, आणि निर्मलाचा फॉर्म भरला गेला. पोरीची पुस्तकं माळ्यावरून खाली आली. शकुंतला तिला इंग्रजीचं व्याकरण समजावू लागली, तेही मागाच्या खटखटाटात, एकमेकींच्या कानात ओरडून.

यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी, म्हणजे तो जिथे माहिती घेतो त्या घरी, एकदा तरी स्वतः जाऊन तपासणी करत असे. कागदावरचा मामा खरा आहे का ते बघायला. तशी मी त्या गल्लीत गेले. गल्लीत शिरले तशा दारादारातून बायका डोकावू लागल्या. श्रावणजींचा माग बंद होता, ते धुतलेलं धोतर नेसून उभे होते. नवी सतरंजी अंथरलेली. मला वाटलं, वा, युनिव्हर्सिटीचा काय मान आहे. आत दोन शेजारणी आधीच येऊन बसलेल्या. चहा आला. मग पोहे आले, वर खोबरं-कोथिंबीर. आणि पोह्यांची बशी घेऊन निर्मला आली, डोक्यावर पदर, हातात नव्या बांगड्या, आणि माझ्यासमोर खाली बघून बसली.

पोह्याचा घास माझ्या तोंडातच राहिला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरची कांदेपोह्यांची टिपणं काढण्यात घालवली, आणि आज मी स्वतः मुलाकडची होऊन बसले होते. त्यातून माझं स्वतःचं लग्न झालेलं नाही. हसावं की रडावं कळेना.

निर्मलाची आई म्हणाली, "विचारा न काही पोरीले. लाजू नका."

मी बशी खाली ठेवली आणि सरळ सांगितलं. मी शकुंतलेची आई नाही, मावशी नाही, कुणीच नाही. मी तिची शिक्षिका आहे. ती अभ्यासासाठी येते, तिच्या परीक्षेत याचे मार्क असतात. आमच्या मनात कुणाचंही लग्न नाही. मी हे चांगलं खणखणीत सांगितलं, वर्गात मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. शेजारणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि खूश झाल्या. निर्मलाच्या आईच्या चेहऱ्यावर तर समाधान पसरलं. ती म्हणाली, "हाव जी. तसंच सांगतेत सगळे. घ्या, आणखी पोहे घ्या."

मी निघाले तेव्हा निर्मला मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. बाहेर आल्यावर तिने पदर खाली केला आणि माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"मॅडम, मले सारं मालूम आहे. शकूताईनं मले पैल्याच दिवशी सांगितलं. मी आईले बी सांगितलं, आई मानत नाही."

मी म्हटलं, मग मी पुन्हा आत जाऊन सांगते. तशी तिने माझा हात धरला.

"खोटं नका सांगू मॅडम. खरंच सांगा. पर लय जोर लावून नका सांगू. स्थळ नाही असं बाबाले समजलं का हिंगणघाटले होकार जाते, अन् माही परीक्षा जाते चुलीत. परीक्षा होऊन जाऊ द्या."

एवढं बोलून ती परत पदर घेऊन घरात गेली. मी रिक्षात बसले तरी माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विभागात मी शकुंतलेला बोलावून चांगली झाडली. ती रडली, मग नाक पुसून म्हणाली की मॅडम, मी काय चुकीचं केलं ते तर सांगा. आणि खरोखर मला एकही चूक दाखवता येईना. तिने आपलं घर आधी मांडलं, पुन्हा पुन्हा गेली, खोटं एक अक्षर बोलली नाही. सगळे माझेच दंडक. आमचे विभागप्रमुख शांत माणूस, पुस्तकात डोकं घालून बसणारे. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, मुलीला त्या गल्लीतून काढा, दुसरी गल्ली द्या, आपण लोकांच्या आयुष्यात ढवळाढवळ करायची नसते. मी म्हटलं, सर, आता काढलं तर काय होईल ते सांगू? शिकलेल्या लोकांनी चारदा येऊन मुलगी पाहिली आणि सोडली, असं होईल. त्या पोरीच्या नावाला कायमचा डाग लागेल. ते म्हणाले, मग तिला जाऊ द्या. मी म्हटलं, जाऊ दिलं तर स्थळ आणखी पक्कं होईल. ते म्हणाले, मग करायचं काय? मी म्हटलं, तेच तर मी तुम्हाला विचारतेय.

शेवटी मीच ठरवलं. पुस्तकांत लिहिलेलं असतं की अभ्यासकाने जसं काही आपण तिथे नाहीच असं वागावं. हे ज्यांनी लिहिलं ते कधी नागपूरच्या गल्लीत सतरंजीवर बसलेले नसावेत. आपण ज्या घरात शिरतो त्या घरात एक माणूस वाढतो, आणि त्या माणसाला घरातले लोक आपल्या कामाला लावतात. तेव्हा ठरलं असं की शकुंतला जात राहील. कुणीही विचारलं तर खरं सांगायचं, आणि जोर लावायचा नाही. निर्मलाची परीक्षा झाली की मी स्वतः श्रावणजींना बसवून गळी उतरवीन.

तो हिवाळा मला फार जड गेला. शकुंतलेची वंशावळ मात्र त्या वर्षी सगळ्यांत उत्तम झाली. होणारच, मुलाकडच्यांपासून कोण आपले मामा लपवणार? लोक आपण होऊन चार पिढ्या मागे जायचे, आपल्या सात गावच्या चांगल्या सोयऱ्यांची नावं घ्यायचे. निर्मलाच्या आईने आपल्या एका वाया गेलेल्या दिराचं नाव मात्र गाळलं होतं, ते आम्हाला शेजारच्या घरून कळलं. तोही धडा मी पुढे वर्षानुवर्षं शिकवला: माहिती कोण देतंय एवढंच बघायचं नाही, तो आपल्याला कोण समजून देतोय तेही बघायचं.

मध्येच हिंगणघाटवाल्यांचा धीर सुटला. त्यांनी मुलाचं दुसरीकडे ठरवलं. गल्लीत कुजबुज झाली. श्रावणजींच्या भावांनी त्यांना तोंडावर सुनावलं की हातचं सोडून पळत्याच्या मागे लागलास. हे मला शकुंतलेने येऊन सांगितलं. तो हिंगणघाटचा मुलगा पुढे चांगला निघाला म्हणे, निर्व्यसनी, बायकोला जपणारा. निर्मलाला तो मिळाला असता तर तिचं काही वाईट झालं असतं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ते मनात राहून गेलं आहे.

मार्चात निर्मलाने परीक्षा दिली. मी लगेच श्रावणजींकडे गेले, पण ते सुताच्या कामाने बाहेरगावी, आणि आईने पुन्हा चहा दिला, पुन्हा "हाव जी" केलं. मग युनिव्हर्सिटीला सुट्ट्या लागल्या. निकाल लागला तसे एका सकाळी श्रावणजी स्वतःच विभागात आले. डोक्यावर टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. दारात थबकून त्यांनी कपाटात शिकवायला ठेवलेल्या कवटीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी खुर्ची दिली, ते तिच्या काठावर बसले.

"मॅडम, पोरगी पास झाली. आता तं बोला."

मी दार लोटून घेतलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. जोर लावून सांगितलं. स्थळ नाही, कधी नव्हतं. भिलाईच्या मुलाला खबरही नाही. त्याच्या आईबापांना खबर नाही. आम्ही चूक केली नाही, पण तुमचं नुकसान झालं, त्याचं मला वाईट वाटतं. ते मान हलवत ऐकत राहिले आणि म्हणाले, हो जी, पण आता लपवायचं काय काम? पोरगी पास झाली, आता देण्याघेण्याचंच बोलू. मी कपाळाला हात लावला. आणखी कोणत्या भाषेत सांगू? मराठी झाली, हिंदी झाली.

शकुंतला तेव्हा शेजारच्या खोलीत आपला प्रबंध टाईप करायला देत होती. सुट्टीतही ती त्यासाठी उमरेडहून यायची. आवाज ऐकून ती आत आली. श्रावणजींना पाहिलं, क्षणभर थांबली, आणि मग डोक्यावर पदर घेऊन त्यांच्यापुढे वाकली आणि दोन्ही हातांनी त्यांचे पाय शिवून ते हात तिने कपाळाला लावले.

मी तिला हे सांगितलं नव्हतं. मला सुचलंही नसतं. मुलाकडची माणसं मुलीच्या बापाच्या पाया पडत नाहीत. कधीच नाही, कुणीच नाही, अगदी लहान बहीणसुद्धा नाही. आपल्याकडे वर कोण आणि खाली कोण हे लग्नाच्या आधीच ठरलेलं असतं. सहा महिने आम्ही दोघी तोंडाने जे सांगत होतो ते तिने वाकून सांगितलं.

श्रावणजींचा चेहरा उतरला. त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. मग त्यांनी तिच्या वाकलेल्या डोक्याकडे पाहिलं.

"उठ वं माय," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हंजे खरंच नाही."

मी म्हटलं, नाही.

"मंग हिंगणघाटवाले फुकटच गेले."

ते उठून ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, मॅट्रिक झाल्यावर मास्तरणीचं ट्रेनिंग किती दिवसांचं असतं. मी म्हटलं, दोन वर्षांचं. मग त्यांनी विचारलं, तिला घेतील का. मी म्हटलं, घेतील, मार्क चांगले आहेत, अर्ज मी भरून घेते. शकुंतला भिंतीला टेकून उभी होती.

"मॅडम, घरी भाऊबंद टपून बसले आहेत," श्रावणजी म्हणाले. "स्थळ नाही म्हणून एक बार समजलं, त पंधरा दिसात दुसरा पोरगा आणून उभा करतीन. तवा मी काय म्हनू? पोरीले शिकवाचं हाये म्हनू? हासतीन मले. मुलाकडच्याईले शिकलेली पायजे, असं म्हटलं त कोनी काही बोलत नाही." त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "दोन वर्स तुमी कोनाले काही सांगू नका."

मी म्हटलं, "श्रावणजी, खोटं मला बोलता येणार नाही. कुणी विचारलं तर मी खरं तेच सांगीन."

"हाव तं, तेच सांगा न," ते म्हणाले. "तुमचं खरं कोन मानते?"

पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून ते गेले. त्या वर्षी निर्मला ट्रेनिंगला लागली. मी अधूनमधून त्या गल्लीत जात राहिले, चहा घेत राहिले, आणि दोन वर्षं विचारणाऱ्या प्रत्येक बाईला खरं ते सांगत राहिले.